शनिवारचं पान

माळशिरस तालुक्यात कुठे काय आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. वेळापूरचं देऊळ, अकलूजचा किल्ला, शेजारचा नीरा-नरसिंहपूरचा संगम आणि शिखर शिंगणापूर ही नावं इथलं शाळकरी पोरही सांगतं. चांगली भाकरी कुठल्या हॉटेलात मिळते आणि भज्याचा घाणा कुठे ताजा असतो, हे तर एसटीचे वाहक कुठल्याही छापील मजकुरापेक्षा नेमकं सांगतात. तरीही मी काही वर्षं एका छोट्या साप्ताहिकासाठी ‘या आठवड्यात’ नावाचं पान लिहिते आहे. ते शनिवारी निघतं आणि लोक त्याची वाट बघतात. कारण इथे माणसाचं अडतं ते ‘कधी’पाशी. हुरडा कधी चालू झाला, रिंगण नेमकं कुठल्या दिवशी आणि किती वाजता, कीर्तनाला कोण उभं राहणार, परतीची एसटी मिळेल का, म्हातारीला घेऊन जाता येईल का. हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून हे पान.

वाचक कोण, ते आधी सांगते. आमच्या तालुक्याची रचना जरा वेगळी आहे. कचेरी आणि कोर्ट माळशिरसला, बाजारपेठ आणि दवाखाने अकलूजला, पश्चिमेकडच्या गावांची ओढ नातेपुत्याकडे. कारखान्यांची वस्ती निराळीच : सदाशिवनगर, शंकरनगर, माळीनगर, श्रीपूर. बरीच वर्षं अकलूजसारखं भरभरून वाढलेलं गावसुद्धा ग्रामपंचायतच होतं. आता अकलूजला नगरपरिषद आहे, माळशिरस आणि नातेपुत्याला नगरपंचायत. कागदोपत्री आम्ही शहरी झालो. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे शिक्षक आहेत, बँकेतली मंडळी आहेत, नर्स आहेत, कोर्टातले कारकून आहेत, कारखान्यातले केमिस्ट आणि फिटर आहेत. त्यांना आठवड्यातून एक सुट्टी मिळते आणि त्या सुट्टीत घरच्यांना घेऊन कुठेतरी जावंसं वाटतं. पुण्याला हडपसर-पिंपरीकडे नोकरीला असलेली आणि शनिवारी रात्री गावी येणारी मुलं हा दुसरा मोठा गट. रविवारी दुपारी त्यांना परत निघायचं असतं. त्यांच्या हातात एक सकाळ असते.

हे पान सुरू करायचं ठरलं तेव्हा माझ्यासमोर नमुना होता तो पुण्याच्या वर्तमानपत्रांचा. तिथे नाटकांच्या जाहिराती, गाण्याच्या मैफली, चित्रप्रदर्शनं आणि नवी उपाहारगृहं आठवड्याच्या आठवड्याला छापून येतात. पुण्यात ते जमतं, कारण तिथे जागा ठरलेल्या आहेत. बालगंधर्व रंगमंदिर 1968 पासून एकाच ठिकाणी उभं आहे. तिथे रोज काहीतरी असतं आणि कुठल्या तारखेला काय, हे आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे कार्यक्रमाची जागा म्हणजे पुष्कळदा मोकळं रान असतं, आणि त्यातलं पीक निघालं की मग तिथे मंडप पडतो. तारीख ठरते ती तिथीवर, पिकावर, कारखान्याच्या हंगामावर आणि कालव्याच्या पाण्यावर. त्यामुळे पुण्याचा साचा मी पहिल्या महिन्यातच बाजूला ठेवला. टेबलावर राहिल्या त्या चार गोष्टी : पंचांग, एसटीचं वेळापत्रक, शेतकऱ्यांचे फोन नंबर आणि एक वही.

पंचांग दाते यांचं, आमच्या सोलापूरचंच. तिथी कुठल्या दिवशी धरायची याचा घोळ यात्रांच्या बाबतीत फार होतो. एक तिथी दोन दिवसांत विभागली गेली की शेजारशेजारच्या गावांत वेगवेगळा दिवस धरला जातो. पंचांग बघून मी अंदाज बांधते आणि मग त्या गावच्या पुजाऱ्याला किंवा यात्रा कमिटीतल्या कुणाला तरी विचारते. गाव जो दिवस धरेल तोच छापायचा. पंचांगात काय लिहिलंय यावरून गावाशी वाद घालायचा नाही.

आता हुरड्याचं सांगते. या पानावर मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो त्याच मजकुराला, आणि तो लिहायला मला आवडतंही.

आमच्याकडची ज्वारी रब्बीची. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायची आणि थंडीत वाढवायची. पौषात कणसात दाणा भरायला लागतो. आधी तो पाणचट असतो, मग चिकात येतो आणि मग हुरड्यात. हुरड्यातला दाणा बोटानं दाबला तर दबतो आणि दाताखाली गोड लागतो. आठ-दहा दिवस गेले की तो निबर होतो. त्यानंतर आगटीत कितीही भाजा, तो हुरडा राहत नाही, अर्धीकच्ची ज्वारी होते. म्हणजे एका रानाचा हुरडा जेमतेम एक-दीड आठवडा. तालुक्यात पेरण्या मागेपुढे झालेल्या असतात म्हणून हंगाम महिनाभर चालतो, पण एकाच शेतात महिनाभर चालत नाही. त्यातही गूळभेंडी, सुरती ही खास हुरड्यासाठीच पेरलेली वाणं. त्यांचा दाणा बोंडातून सहज सुटतो आणि गोडी जास्त. मालदांडीचाही हुरडा करतात, पण ती खरी भाकरीची ज्वारी.

डिसेंबरच्या शेवटापासून मी फोन करायला लागते. पिलीवकडचे एक शेतकरी मला दर वर्षी तेच वाक्य ऐकवतात, “ताय, घाई नका करू. दाणा अजून चिकात हाय.” मी विचारते, मग पुढच्या रविवारी? ते म्हणतात, “थंडी अशीच राह्यली तर हुईल. ढगाळ आलं तर सांगता यायचं नाय.” एवढं ऐकल्यावर मी त्यांचं नाव त्या आठवड्यात छापत नाही. गुरुवारी पुन्हा फोन करते. पान गुरुवारी रात्री लागतं, तोवर ते ‘या’ म्हणाले तरच छापायचं.

आणखी एक गोष्ट विचारायची असते : किती माणसं? एका आगटीभोवती दहा-बारा जण नीट बसतात. गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं, भाजून निघालं की गरम कणीस हातात घेऊन चोळणारा एक जाणता माणूस. हे चोळणं कौशल्याचं काम आहे. हात भाजतात, आणि कूस-फोलपटं नीट पाखडली नाहीत तर खाणाऱ्याच्या घशात जातात. घरात चोळणारे दोन हात असतील तर एका वेळी वीस माणसांपेक्षा जास्त येऊ देणं म्हणजे त्या घराला दिवसभर राबवून शेवटी पाहुण्यांनाही अर्धपोटी पाठवणं. म्हणून मी आकडा विचारते आणि छापतेही : ‘रविवारी सकाळी, वीस जणांपर्यंत, आधी फोन करूनच’. सोबत काय मिळेल तेही लिहिते. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, उसाचे करवे, हरभऱ्याचा टहाळ, असली तर बोरं. मोठ्या रस्त्याला लागून आता हुरडा पार्ट्यांची मोठी ठिकाणं झाली आहेत, झोपाळे आणि गाणी लावून. तिथे जायला माझी हरकत नाही. पण तिथला दाणा पुष्कळदा दुसरीकडून सकाळी कापून आणलेला असतो आणि दुपारपर्यंत त्याचा ओलावा उडतो. ज्या रानात कणीस मोडलं त्याच रानात ते भाजलं जाणं, हुरड्यातलं सगळं सुख तेवढ्यात आहे. मी तेच सुचवत राहणार.

पुण्याहून येणाऱ्या मुलांसाठी हा मजकूर सर्वांत उपयोगी ठरतो. त्यांच्यातले पुष्कळ जण शेतकऱ्यांचीच मुलं. स्वतःच्या रानात आता ऊस किंवा डाळिंब आहे, ज्वारी घरात कुणी पेरत नाही. ती आपल्या लहान मुलांना घेऊन दुसऱ्याच्या रानात हुरडा खायला जातात. तिथल्या म्हाताऱ्याशी बोलता बोलता नातं निघतं, आजोबांचं नाव निघतं. पुढच्या वर्षी त्यांना माझं पान लागत नाही, ते थेट त्या शेतकऱ्यालाच फोन करतात. असं झालं की मला बरं वाटतं.

आषाढात पानाचं स्वरूप पार बदलतं. दोन्ही मोठ्या पालख्या आमच्या तालुक्यातून जातात, आणि बाहेरच्यांचा इथेच गोंधळ होतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत ती पुढे भंडीशेगावकडे जाते. तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान करून अकलूजला येते. अकलूजला तिचं गोल रिंगण होतं आणि माळीनगरला उभं. माउलींचं पहिलं गोल रिंगण नातेपुते ते माळशिरसच्या वाटेवर पुरंदावडे-सदाशिवनगरला होतं. दुसरं दुसऱ्या दिवशी खुडूस फाट्याला, वेळापूरला जाताना. तिसरं वेळापूरच्या पुढे ठाकूरबुवांच्या समाधीपाशी. चार-पाच दिवसांत, एकमेकांपासून काही कोसांवर एवढी रिंगणं. सुट्टी मात्र एकच. मग कुठलं बघावं?

माझं उत्तर माणूस बघून बदलतं आणि पानावर मी ते तसंच लिहिते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर सदाशिवनगरला जा, पण सकाळीच जा. वाहनं फार अलीकडे थांबवतात, नंतर चालावंच लागतं. मैदानाच्या कडेला बसायला जागा मिळवायची असेल तर पालखीच्या कितीतरी आधी पोचायला हवं. तरुण असाल आणि चालायची तयारी असेल तर रिंगणाला नुसतं जाऊ नका. आदल्या मुक्कामापासून दिंडीबरोबर चालत या. नातेपुत्याहून निघाल्यावर मांडवी ओढ्यापाशी दुपारचा विसावा होतो. तिथे दिंड्यांच्या पंगतीत बसून पिठलं-भाकरी खाल्लेली असेल, तर पुढे रिंगणात पळणारी ती माणसं ओळखीची झालेली असतात.

रिंगणात काय बघायचं, हेही मी दर वर्षी थोडं लिहिते. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग वीणेकरी, मग पखवाजवाले. साठीच्या पुढच्या बाया तुळशी वृंदावन सावरत धावतात तेव्हा त्यांच्या पायांकडे बघा. आणि मग अश्व. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ते येतात. एकावर स्वार असतो, हाती जरीपटका घेऊन. दुसऱ्यावर कुणीच नसतं, तो माउलींचा. तो दौडत गेला की लोक टापेखालची माती कपाळाला लावायला वाकतात. त्यानंतर गर्दी उसळते, आणि पुष्कळ जण तिथूनच घराकडे वळतात. मी दर वर्षी लिहिते की तिथे निघू नका. पुढे दिंड्यांचे उडीचे खेळ असतात, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर शेकडो माणसं एका लयीत खाली वाकतात आणि वर येतात. हे बघायला मिळतं ते थांबणाऱ्यांनाच, आणि तोवर रस्ताही थोडा मोकळा झालेला असतो.

पालखी मार्ग चौपदरी झाल्यापासून वेळेचे सगळे जुने हिशेब बदलले. पूर्वी नातेपुत्याहून माळशिरसला यायचं तर गावातून, वडांच्या सावलीतून यावं लागायचं. आता बाहेरून रस्ता आहे आणि गाडी पटकन पोचते. रस्ता हवाच होता, जुन्या रस्त्यावर अपघातात माणसं जात होती. पण जुने वड गेले आणि वारकऱ्यांची दुपारची सावली गेली, हेही खरं आहे. नवी लावलेली झाडं सावली धरेपर्यंत आषाढातल्या पानावर ‘सोबत पाणी आणि डोक्यावर टॉवेल’ हे वाक्य ठळक अक्षरांत राहील.

खाण्याच्या बाबतीत हा रस्ता म्हणजे नवं दुकानच उघडलं. एकेकाळी प्रवासी गावात थांबायचा, स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खायचा. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढाबे झालेत आणि बहुतेकांच्या पाटीवर ‘ढवारा मटण’ असं लिहिलेलं आहे. ढवारा हा मुळात हॉटेलातला पदार्थच नाही. जत्रेला, देवाच्या नावानं बकरं कापून, रानात मोठ्या पातेल्यात पुरुषमंडळींनी शिजवायचं आणि आल्यागेल्या सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, हा ढवारा. रस्सा पातळ, तिखट, काळ्या मसाल्याचा. भाकरी कुस्करून त्यात बुडवायची. एवढ्या मोठ्या पातेल्यात मंद आचेवर शिजल्यामुळे जी चव येते ती चार माणसांच्या ऑर्डरीला येत नाही. काही ढाबेवाले मात्र रविवारी खरोखर एकच मोठं पातेलं चढवतात आणि ते संपलं की पाटी उलटी करतात. मी त्यांनाच पानावर घेते. वेळ लिहिते : दुपारी बारा ते दीड. दोननंतर गेलात तर दुसरं काहीतरी मिळेल आणि तुम्हाला वाटेल की पानवाल्या ताईंना चव कळत नाही.

मी जेवायला जाते ती न सांगता जाते, घरचं कुणीतरी बरोबर घेऊन, बिल स्वतः देऊन. बघते ते ताटाच्या आधीचं. हात धुवायच्या जागी साबण आहे का. प्यायच्या पाण्याची टाकी झाकलेली आहे का. बायकांसाठी संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का, की किल्ली गल्ल्यावर मागावी लागते. पडदे लावलेली ‘फॅमिली रूम’ असली की झालं, असं बरेच मालक समजतात. पडद्यानं काही होत नाही. बाई चार तासांच्या प्रवासात कुठे थांबू शकते, हा या रस्त्यावरचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. म्हणून माझ्या पानावर पदार्थाच्या नावाआधी एक ओळ असते : स्वच्छतागृह आहे किंवा नाही. सुरुवातीला काही मालकांना राग आला. नंतर त्यातल्याच एकानं बांधून घेतलं आणि ‘आता येऊन बघा’ म्हणून निरोप धाडला. मी गेले, बघितलं, पुढच्या शनिवारी छापलं.

मार्च 2023 मध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, आणि माझ्या पानाच्या वाचकांत दोन-तीन महिन्यांतच फरक पडला. त्याआधी फोन यायचे ते पुरुषांचे : गाडी काढायची म्हणतोय, कुठे जाऊ? त्यानंतर बायकांचे यायला लागले : आम्ही तिघी-चौघी निघतोय, कुठली गाडी पकडू? शाळेतल्या सेविका, अंगणवाडीच्या ताई, बचत गटातल्या बाया. पंचाहत्तरीपुढच्यांचा प्रवास तर त्याआधीच्या वर्षापासून मोफत झाला होता, त्यामुळे सासूबाईही बरोबर. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणाखाली मी जाण्याची आणि येण्याची एसटी लिहिते. वेळापत्रकावर नुसता विश्वास ठेवता येत नाही. परीक्षा, यात्रा, गाडी बंद पडणं, कारणं पुष्कळ. म्हणून अकलूज आगारात विचारून खात्री करून घेते. परतीची गाडी सहाच्या पुढे नसेल तर ते ठिकाण मी या वाचकांना सुचवत नाही, मग ते कितीही सुंदर असो.

अकलूजची लावणी स्पर्धा हा माझ्या दृष्टीनं या तालुक्याचा अभिमान आहे. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या जयंतीच्या निमित्तानं 1990च्या दशकात ती सुरू झाली आणि राज्यभरातल्या संगीतबारीच्या पार्ट्या अकलूजच्या मंचावर यायला लागल्या. त्या वेळी लावणी म्हटलं की चांगल्या घरातली माणसं मान फिरवायची. या स्पर्धेनं ती मान इकडे वळवली. परीक्षक बसवले, नियम केले, पारंपरिक लावणीला मान दिला. मोडनिंबसारख्या आमच्या जिल्ह्यातल्या कलाकेंद्रांतून आयुष्य काढणाऱ्या कलावतींना तिथे बक्षिसाबरोबर प्रतिष्ठाही मिळाली.

नातेपुत्याच्या एका शिक्षिकेनं मला विचारलं होतं, “ताई, तुम्ही छापलंय खरं, पण आम्ही बायकांनी जायचं का?” मी म्हटलं, जायचं, पुढच्या रांगेत बसायचं. आणि काय ऐकायचं ते त्यांना सांगितलं. नाचाच्या वेगाकडे पहिल्यांदा लक्ष जातं, त्याला इलाज नाही. पण एखादी ज्येष्ठ कलावती खाली बसून, एकच ओळ पुन्हापुन्हा गाऊन दर वेळी तिचा वेगळा अर्थ डोळ्यांतून आणि हातातून काढते, ते चुकवू नका. आमच्या शेजारच्या पंढरपूरच्या सत्यभामाबाई पंढरपूरकर या बैठकीच्या अदाकारीसाठी नावाजलेल्या होत्या. एका ओळीत किती घरं असतात, हे त्या परंपरेनं दाखवलं. ढोलकीचा तोडा, पेटीची साथ, घुंगरांचा आवाज हे सगळं समोर घडत असताना ऐकायला मिळणं आता दुर्मीळ होत चाललंय. लग्नकार्यात ध्वनिमुद्रित गाण्यावर जे नाचलं जातं त्याच्याशी याचा काही संबंध नाही. त्या शिक्षिका गेल्या, मैत्रिणींना घेऊन गेल्या. पुढच्या खेपेला स्पर्धा जाहीर झाल्याची बातमी त्यांनीच मला कळवली.

वेळापूरच्या देवळाबद्दल मला सतत वाटतं की लोक त्याच्यावरून नुसते निघून जातात. पंढरपूरला जाणाऱ्या कितीतरी गाड्या त्या गावावरून जातात आणि थांबत नाहीत. अर्धनारी नटेश्वराचं हे यादवकालीन देऊळ. रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख इथे आहेत आणि शं. गो. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात ते अभ्यासकांसाठी छापलेलेही आहेत. सातशे वर्षांपूर्वीचं मराठी आपल्या तालुक्यात दगडावर कोरलेलं आहे, हे कळल्यावर काही शिक्षकांनी सहल काढली. मी सुचवते ती वेळ सकाळची, आठच्या आत. तिरप्या उन्हात अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि अक्षर सुटं दिसतं. दुपारी डोक्यावर ऊन आलं की दगड सपाट दिसतो.

बाकीचं वर्ष भराभर सांगते. चैत्रात शिंगणापूरला शंभू महादेवाचं लग्न आणि मुंगी घाटातून चढणाऱ्या कावडी. द्वादशीला तेल्या भुत्याची सासवडची कावड चढते ती बघायची तर उन्हाचा बंदोबस्त करूनच जावं. श्रावणात मटणाचे ढाबे ओस पडतात, तेव्हा मी बचत गटांच्या पुरणपोळ्या आणि हुलग्याचं माडगं छापते. कार्तिकात अकलूजचा घोडेबाजार. घोडा घ्यायचा नसला तरी मुलांना मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांतला फरक दाखवायला न्यावं. धनगरवाड्यांवरची गजीढोलाची रात्र मात्र मी छापत नाही, तिथल्या मंडळींनी स्वतः सांगितलं तरच. ती त्यांची देवाची रात्र असते, बघ्यांची नाही.

पैशाचाही मुद्दा आहे. छोटं साप्ताहिक चालतं ते वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आणि दुकानांच्या उद्घाटनांवर. एखादा हॉटेलवाला अर्धं पान जाहिरात देतो आणि म्हणतो, ताईंच्या पानावरही आमचं नाव येऊ द्या. यावरून आमच्या कार्यालयात आवाज चढलेले आहेत. माझी अट एकच राहिली आहे. ज्याची जाहिरात त्या अंकात आहे त्याचं नाव त्या अंकात माझ्या पानावर येणार नाही, मग जेवण कितीही उत्तम असो. पुढच्या अंकात येऊ शकतं. यामुळे पेपरचं थोडं नुकसान झालं असेल. पण स्टँडवर माणूस तो अंक उघडून आधी पाचवं, म्हणजे माझं पान काढतो, ते या अटीमुळे, अशी माझी समजूत आहे आणि मी ती सोडणार नाही.

सर्वांत कठीण आठवडे मे महिन्यातले. कारखाने बंद, ऊसतोडीच्या टोळ्या गावी गेलेल्या, ऊन असं की चारच्या आधी दार उघडवत नाही. काही जण म्हणतात, उन्हाळ्यात पान बंद ठेवा, जायला आहेच काय? मला ते पटत नाही. मे महिन्यात मुलं घरी असतात, मामाच्या गावाला आलेली असतात आणि त्यांना पोहायला शिकायचं असतं. अकलूजला वॉटर पार्क आहे, त्याचं तिकीट सगळ्यांना परवडत नाही. विहिरी मात्र गावोगाव आहेत. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून, काठावर काका-मामा उभे असताना मूल विहिरीत पहिली उडी मारतं, ते शिक्षण कुठल्या तलावात मिळणार नाही. मी त्या विहिरी शोधते. पायऱ्या असलेल्या, मालकाची परवानगी असलेल्या, सकाळी ठरावीक वेळी पोहणारा जाणता माणूस जिथे हजर राहतो अशा. मोटारीच्या उघड्या वायरी असलेल्या विहिरी मी मालक ओळखीचा असला तरी घेत नाही, आणि मूल एकटं पाठवू नका, हे दर वेळी छापते.

पण विहिरीला पाणी हवं. या भागातल्या विहिरी उन्हाळ्यात तळाला जातात आणि नीरा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाझरानं पुन्हा भरतात. भाटघर-वीरकडचं पाणी इथवर पोचायला आणि मग जमिनीतून विहिरीत उतरायला काही दिवस लागतात. कालव्यापासून लांबच्या विहिरीला आणखी जास्त. म्हणून एप्रिल संपत आला की मी पाटकऱ्यांना विचारायला लागते, पाळी कधी सुटते, कुठल्या फाट्याला आधी. तारीख कळली की ती त्या शनिवारच्या पानावर सगळ्यात वर जाते. तिच्याखाली विहिरींची नावं, कालव्याजवळच्या आधी आणि लांबच्या आठवडाभरानं.